पुढच्या दाराची ओवी

"जरा कठोर व्हा," लुपे म्हणाली. "इतक्या मायेनं 'नाही' म्हणालात, तर बाहेरचा माणूस हो समजून आत येईल."

चर्चच्या तळघरात आम्ही बायका अर्धगोल करून उभ्या होतो. कुणाच्या हाताला करंज्यांचं पीठ, कुणाच्या बोटांना सारणाची साखर. प्रत्येकीच्या हातात एकेक कागद होता आणि त्यावर मी देवनागरीत लिहून दिलेले स्पॅनिश शब्द. सगळ्या शब्दांचा मिळून अर्थ एकच होता: चालते व्हा, इथे जागा नाही.

"कठोर कशा होणार, बाई?" लीलाबाई साळवे म्हणाल्या. आमच्या मंडळीच्या गायनाच्या त्या पुढारी. "चाल अंगाईची आणि शब्द हाकलून द्यायचे. तोंड एकीकडे जातं आणि जीव एकीकडे."

लुपेला मी हे इंग्रजीत सांगितलं. ती हसली. लुपे म्हणजे ग्वादालूपे, मेक्सिकोतल्या पुएब्ला प्रांतातली. न्यू जर्सीतल्या ज्या वृद्धाश्रमात मी नर्स होते, तिथल्या धुलाईखान्यात ती होती. दुपारच्या सुट्टीत आम्ही डबा वाटून खायचो. माझ्या डब्यातला खर्डा तिला पुरेसा तिखट लागत नसे, आणि आमच्या नगर जिल्ह्याचा याहून मोठा अपमान मी कधी ऐकलेला नाही.

नाताळच्या आधी नऊ रात्री तिच्या लोकांत पोसादा असतो. मरिया आणि योसेफ बेथलेहेमात दारोदार फिरले ना, तसं हे लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यानं निघतात. पुढे मरिया झालेली एक मुलगी, योसेफ झालेला एक मुलगा. बंद दारासमोर उभं राहून बाहेरचे गातात: आसरा द्या. आतले गातात: नाही. पुन्हा बाहेरचे, पुन्हा आतले. असं होता होता शेवटच्या कडव्याला दार उघडतं आणि सगळे आत येऊन जेवतात. शेवटच्या दिवशी सगळी वस्ती लोटते, तेव्हा मोठी जागा लागते. त्या वर्षी तो शेवटचा पोसादा आमच्या चर्चच्या तळघरात व्हायचा होता. आतले आम्ही होतो.

"राहेलआजी नाही गाणार?" लुपेनं विचारलं.

माझ्या सासूबाई, राहेलबाई उजागरे, कोपऱ्यातल्या टेबलापाशी करंज्यांना मुरड घालत बसल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. लीलाबाईंनी त्यांच्यापुढे कागद धरला. आत्याबाईंनी तो पिठाच्या हातानं बाजूला सारला.

"मला नका शिकवू," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हणायला मला येतं."

लीलाबाई माझ्याकडे बघून पुटपुटल्या, की म्हातारीचा रुसवा काढ बाई. मलाही तो रुसवाच वाटला.

*

ते तळघर आमच्या ओळखीचं होतं. आमची मंडळी म्हणजे नगर, शेवगाव, नेवासे, राहुरीकडून आलेली मराठी ख्रिस्ती घरं. या परदेशात मराठीतून उपासना करायला जागा शोधत आम्ही फिरलो, तेव्हा या विटांच्या जुन्या चर्चमधल्या गोऱ्या लोकांनी आम्हाला तळघर दिलं. मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं. वरची त्यांची उपासना संपेपर्यंत खाली बाजाची पेटी उघडायची नाही. सणाला आम्ही जेवण करायचो, तेव्हा फोडणीचा वास वर जाऊ नये म्हणून जिन्याच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचो. ती माणसं वाईट नव्हती. भेटली की हात हातात घेऊन बोलायची. पण वर या असं कुणी म्हणालं नाही, आणि आमची पोरं त्या तळघरात रांगायला लागून शाळेत जायला लागली.

मग वरची माणसं एकेक करून थकली, काही मुलांकडे गेली, काही देवाघरी. जी उरली त्यांनी एके दिवशी दिवाकरराव हिवाळ्यांना बोलावलं आणि चर्चच्या पुढच्या दाराची पितळी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

दिवाकरराव आमचे ज्येष्ठ पंच. बसगाड्या दुरुस्त करणारा माणूस, हात ग्रीसनं काळे, पण उपासनेला शर्टाची घडी मोडलेली दिसायची नाही. त्या दिवशी त्यांनी आम्हाला दगडी पायऱ्यांवरून वर नेलं. पुढे ते, मागे आम्ही, लेकरं कडेवर. वर पोचल्यावर त्यांनी दाराच्या लाकडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. तेव्हापासून ती किल्ली त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात असे. बायका म्हणत, हिवाळेवहिनींपेक्षा किल्ली त्यांच्या जवळ असते. वहिनी म्हणत, असू द्या, ती घोरत नाही.

लुपेचे लोक चर्चच्या मागच्या गल्लीतच राहायचे. त्यांच्यात काही कॅथलिक होते, काही आमच्यासारखे, पण प्रार्थनेला सगळे एकत्र बसत. कपडे धुण्याच्या एका दुकानामागच्या खोलीत, यंत्रं बंद झाल्यावर. त्यांना म्हाताऱ्या रोसेंदोबाबांशिवाय कुणी पुढारी नव्हता. आता ते दुकान विकलं गेलं होतं आणि नव्या वर्षापासून ती खोली जाणार होती. लुपेनं मला विचारलं. दर रविवारी दुपारी, तुमची उपासना झाल्यावर, आम्हाला तुमचं देऊळ, म्हणजे वरचं चर्च, मिळेल का? तिनं हे विचारलं तेव्हा ती चादरींच्या घड्या घालत होती आणि घडी चुकत होती. नाही मिळालं तर माणसं पांगतील, असं ती म्हणाली. एकदा पांगलेली माणसं परत एका खोलीत येत नाहीत, हे तिनं गावाकडे पाहिलं होतं.

मी पंचांपुढे गोष्ट ठेवली. एका पंचांना मूर्तींची काळजी, दुसऱ्यांना गालिच्याची. दिवाकरराव शेवटी बोलले आणि जे बोलले ते आवाज न चढवता.

"तळघर द्या. पोसादा काय तो करू द्या. पण वरचं इतक्यात नाही. आपण नाही का आलो मागच्या दारानं? आपल्याला वर यायला किती काळ लागला? त्यांनाही लागू दे."

ज्यांना त्यांचं म्हणणं पटलं नाही, त्यांनाही ते समजलं होतं. रविवारचा निर्णय नाताळनंतरच्या सभेत घ्यायचा ठरलं. तो काय होणार, हे मला त्याच दिवशी कळलं. लुपेला मी सांगितलं, पोसादाला तळघर मिळालंय, मागच्या दारानं या. रविवारचं विचारलं नाही तिनं. माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं.

*

पोसादाच्या दिवशी दुपारपासून बर्फ पडत होतं. भुरभुर, चाळणीतून पीठ पडावं तसं. दिवाकरराव सगळ्यांच्या आधी आले. पोसादा त्यांना मान्य नव्हता, स्पॅनिश गाण्याच्या तालमीला ते एकदाही फिरकले नव्हते, पण मागच्या पायऱ्यांवर मीठ त्यांनीच टाकलं. कुणी घसरू नये म्हणून प्रत्येक पायरी फावड्यानं खरडली. पुढच्या पायऱ्यांना हात लावला नाही. तिथून कुणी यायचंच नव्हतं.

अंधार पडला. खाली तळघरात मोठ्या पातेल्यात रस्सा रटरटत होता, टेबलांवर करंज्या रचल्या होत्या, आणि लीलाबाईंनी बायकांना मागच्या दाराशी रांगेत उभं केलं होतं. कागद हातात, चेहरे कठोर. लुपेची शिकवणी फुकट जाऊ द्यायची नाही, असा त्यांचा बाणा होता. माझ्या लक्षात आलं, आत्याबाई दिसत नाहीत.

मी जिना चढून वर गेले. वर दिवे लावलेले नव्हते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रंगीत काचांतून येऊन बाकांवर सांडला होता. अगदी पुढच्या दाराजवळच्या बाकावर आत्याबाई बसल्या होत्या, पदर कानावरून घेऊन, त्यावर माझा जुना स्वेटर.

"इथं थंडीत कशाला बसलात, आत्याबाई? खाली चला."

"बसू दे गं. खाली समद्याजणी न्हाई न्हाई म्हणत्यात, मला ऐकवत न्हाई."

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांच्या तरुणपणाची हकीकत घरात सगळ्यांना माहीत होती. शेवगावकडच्या मिशनच्या त्या बायबलबाई होत्या. काखेत बोचकं, पायात असल्या तर वहाणा, आणि एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर चालत जायचं. पुस्तक वाचायला कोण थांबतंय, म्हणून त्या येशूच्या गोष्टी ओव्यांत बांधायच्या. पहाटे बायका दळायला बसल्या की या अंगणाच्या बाहेर उभ्या राहायच्या. अंगणात पाऊल टाकायची सोय नव्हती, त्यांची जात सगळ्यांना ठाऊक होती. मग आत जात्याची घरघर आणि बाहेर यांची ओवी. हे त्या पुष्कळदा सांगायच्या. पुढं काय व्हायचं, ते कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दिवाकरराव. बॉयलरची हवा वर नीट येते का, आणि दाराला कुलूप आहे ना, हे पाहायला ते आले होते. त्यांनी दाराची कडी हलवून पाहिली, समाधान झालं आणि वळले.

आणि बाहेर गाणं सुरू झालं.

मागच्या गल्लीत नाही. इथंच, पुढच्या दारापलीकडे, दगडी पायऱ्यांवर. गिटारचे दोन-तीन स्वर, मग रोसेंदोबाबांचा चिरका आवाज आणि त्याच्या मागे पुष्कळ आवाज, बायकांचे, लेकरांचे. काचांमधून मेणबत्त्यांचे ठिपके हलताना दिसत होते.

दिवाकरराव दचकले. "हे इकडे कसे आले? मागचं दार सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. मलाही उलगडेना.

"काय म्हणतायत?"

"बायको थकली आहे, दार उघडा म्हणतायत." कडव्यांचा अर्थ लुपेनं तालमीत सांगितला होता.

"मग त्यांना सांगा, मागं जा म्हणावं."

कडवं संपलं. बाहेर शांतता झाली. ज्यांनी उत्तर द्यायचं त्या बायका खाली, मागच्या दाराशी, कागद घेऊन उभ्या होत्या. त्यांना इथलं काही ऐकू जात नव्हतं. मी उठणार होते, धावत जाऊन त्यांना वर आणणार होते. पण आत्याबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"कडवं टाकलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "टाकलेलं कडवं उचलायला लागतं."

आणि दाराकडे तोंड करून, बसल्या जागेवरून, त्यांनी ओवी उचलली. दळायला बसल्यावर निघतो तसा खोल, घसटत जाणारा आवाज. त्या वयात तो त्यांच्याकडे शिल्लक असेल, हे मला माहीत नव्हतं.

कोण वाजवी गं कडी, तिन्हीसांजेच्या भरात,
धनी गेलेत मळ्याला, सून एकली घरात.

बाहेर कुणीतरी "श्श" केलं. गिटार थांबली. क्षणभर वाटलं, ते घाबरून निघून जातील. मग रोसेंदोबाबांनी खाकरून घसा मोकळा केला, आणि बाहेरच्यांनी दुसरं कडवं घेतलं. शब्द वेगळे, चाल वेगळी, भाषा तर सातासमुद्रापलीकडची. पण आतून नकार आलाय, हे त्यांना कळलं होतं.

दिवाकररावांचा चेहरा सैलावला. राहेलमावशी आपल्या बाजूनं बोलतायत, असं त्यांना वाटलं. "आता काय म्हणाले?" त्यांनी हळूच विचारलं.

"लांबून चालत आलोय म्हणतायत. बिछाना नको, कोपरा द्या."

आत्याबाईंनी डोळे मिटले होते. एक हात गोल फिरत होता, मांडीवरच, जणू तिथं जात्याचा खुंटा होता.

जाय पुढच्या दाराला, माझी सासू लई कडू,
नको अंगणात येऊ, नको उंबऱ्याशी रडू.

सासू म्हणताना त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं आणि त्याच वेळी लक्षात आलं, की या ओव्या त्या रचत नव्हत्या. रचताना माणूस अडखळतो, शब्द चाचपतो. यांच्या तोंडून त्या पाठ केलेल्या येत होत्या, झिजलेल्या, कडा गुळगुळीत झालेल्या.

बाहेर तिसरं कडवं. यावेळी त्यात एकच आवाज पुढे होता, लुपेच्या मुलीचा, मारिसोलचा. तीच मरिया झाली होती. पोरीचे दात थंडीनं वाजत होते, ते गाण्यातही ऐकू येत होतं.

मी सांगायच्या आधीच दिवाकररावांनी हात वर केला. "कळलं," ते म्हणाले.

कुण्या गावाची तू बाई, कुण्या देवाला तू गाई,
कशी वळखू अंधारी, दिवा लावलेला न्हाई.

जिन्यावर कुजबुज झाली. मागच्या दारावर कुणीच येईना म्हणून लीलाबाई आणि बाकीच्या वर आल्या होत्या. जिन्याच्या तोंडाशीच त्या थबकल्या, एकमेकींच्या खांद्यावरून बघत, कागद छातीशी धरून.

बाहेरच्यांनी चौथं कडवं म्हटलं. ते संपलं. सगळे वाट बघत राहिले, बाहेरचे आणि आतले. मेणबत्त्यांचे ठिपके काचेवर स्थिर झाले होते.

आत्याबाईंनी ओवी उचलली नाही. हात फिरायचा थांबला होता.

"म्हणा ना, मावशी," दिवाकरराव म्हणाले.

"ह्याच्या पुढची मला येत न्हाई, दिवाकर."

"तुम्हाला येत नाही? तुम्हाला तर रात्रभर पुरतील इतक्या येतात."

"त्या माझ्या. ह्या माझ्या न्हाईत." आत्याबाईंनी पदर सारखा केला. "मी वाडीवर गायला उभी ऱ्हायची, तवा आतल्या बाया दळता दळता मला ह्या म्हणायच्या. जाय म्हणायच्या. ज्या ऐकल्या त्या ध्यानात ऱ्हायल्या. ह्याच्या पुढची कुणी म्हटलीच न्हाई माझ्यापाशी, तर मला कुठून येणार?"



"दार उघडत्यात तवाची ओवी तुला ठावं असंल," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी उघडलं व्हतं की ह्या दारानं. तूच म्हण, लेकरा."

दिवाकरराव उभेच होते. त्यांनी दाराच्या लाकडावर हात ठेवला, त्या पहिल्या दिवशी ठेवला होता तसाच. मग तो हात कोटाच्या आत गेला. किल्ली कुलपात शिरताना खडखडली. बर्फाच्या ओलीनं लाकूड फुगलं होतं. एका माणसाला ते दार ओढेना. लीलाबाई पुढे झाल्या, मी झाले, आणि आम्ही तिघांनी मिळून दोन्ही फळ्या आत ओढल्या.

बर्फाचा वारा आत आला, आणि मेणबत्त्या.

पायऱ्यांवर वरपासून खालपर्यंत माणसं उभी होती. कुणाच्या टोपीवर, कुणाच्या शालीवर बर्फ. सगळ्यात पुढे निळा रुमाल डोक्यावरून घेतलेली मारिसोल, आणि तिच्या बाजूला मिशी रंगवलेला तिच्याच वर्गातला योसेफ. तिच्यामागे लुपे. लुपेचं तोंड उघडं राहिलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराच्या वरच्या चौकटीकडे बघत होती.

दिवाकररावांना ओवी येत नव्हती. गाणंच येत नव्हतं त्यांना, उपासनेतसुद्धा ते नुसते ओठ हलवायचे. ते बाजूला सरले, वाट केली आणि मराठीतच म्हणाले:

"या. पाय पुसून या. आत गालिचा आहे."

रोसेंदोबाबांना मराठीचा म कळत नव्हता. पण त्यांनी हॅट काढली, पायपुसण्यावर बूट घासले, आधी डावा, मग उजवा, आणि मगच आत पाऊल टाकलं. त्यांच्यामागे प्रत्येकानं तसंच केलं. लेकरांनीसुद्धा. पायपुसणं भिजून काळं झालं. आत्याबाई बाकावरून उठल्या नाहीत. दारातून येणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासमोरून जात होता, आणि त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत होत्या, जणू कुणाला तरी ओळखायचं होतं.

*

जेवण वरच झालं. ते ठरलेलं नव्हतं, पण एवढी माणसं आत आल्यावर त्यांना पुन्हा बाहेरून फिरवून तळघरात कोण नेणार? बायकांनी पातेली जिन्यावरून वर आणली. आमचा रस्सा, त्यांचे तमाले. मक्याच्या पिठाचा गोळा, आत मांस, कणसाच्या सालीत गुंडाळून उकडलेला. आत्याबाईंनी एक चाखला आणि म्हणाल्या, बरंय, पण मीठ कमी. लुपेच्या आईनं आमची करंजी खाल्ली आणि काहीतरी म्हणाली. लुपेनं मला ते सांगायचं टाळलं, म्हणजे साखर जास्त असणार.

लीलाबाई मात्र फुरंगटल्या होत्या. इतकी तालीम, इतका कठोरपणा, सगळं वाया. शेवटी रोसेंदोबाबांनी त्यांना विनवलं आणि बायकांनी बाकांपुढे ओळीत उभं राहून, तोंडात करंजीची चव असताना, स्पॅनिशमध्ये ठणकावून सांगितलं की इथं जागा नाही, चालते व्हा. लुपेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या देवळात फोडणीचा वास छतापर्यंत गेला होता आणि फटीत टॉवेल कोंबायला कुणी उठलं नाही.

मध्येच मी पाहिलं, दिवाकरराव दिसत नव्हते. दार किलकिलं होतं. बाहेर ते एकटेच पुढच्या पायऱ्यांवर मीठ टाकत होते. जाताना ही माणसं इथूनच उतरणार होती.

आत येऊन त्यांनी हात झटकले, रोसेंदोबाबांच्या शेजारी बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना विचार, रविवारी दुपारी किती वाजता सोयीचं पडेल. आणि सांग, दार जड आहे. उघडायला दोघंजण लागतात. मी असेनच."

मी इंग्रजीतून लुपेला सांगितलं, लुपेनं स्पॅनिशमधून बाबांना सांगितलं. बाबांनी दिवाकररावांचा ग्रीसनं काळा झालेला हात आपल्या हातात घेतला. त्यांचाही हात तसाच होता. सभा नंतर झाली, ठराव नंतर झाला. कुणी विरोध केला नाही. करायला काही उरलं नव्हतं.

माणसं पांगल्यावर लुपे आणि मी खाली मोरीत भांडी घासत होतो. मी तिला विचारलं, मी मागचं दार सांगितलं असताना तुम्ही पुढं कसे आलात?

ती पातेल्याच्या तळाशी काथ्या घासत राहिली.

"आमच्या रीतीत आधी एका दारानं नाही म्हणावं लागतं," ती म्हणाली. "मगच दुसरं दार उघडतं. बाबा म्हणाले, नाही म्हणायला पुढचं दार चांगलं. त्याला कुलूप असतं, आत कुणी नसतं. तिथं एक कडवं म्हणू, कुणी उत्तर देणार नाही, तोच आपला नकार. मग मागं जाऊ. त्या दाराशी आम्ही नकार ऐकायलाच आलो होतो, करुणा. ते उघडावं म्हणून नाही."

घरी जाताना गाडीत मी हे आत्याबाईंना सांगितलं. त्या काचेतून बाहेर बघत होत्या. रस्त्याकडेच्या बर्फावर घरांचे नाताळचे दिवे पडले होते, लाल, हिरवे. मला वाटलं, त्यांना झोप लागली.

"दिवाकरला सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

"का?"

"त्यांनी मागितलं म्हणून त्यानं उघडलं, असं त्याला वाटतंय. वाटू दे. लई दिसांनी कुणीतरी त्याच्यापाशी काही मागितलं."

मी सांगितलं नाही. आत्याबाई त्यानंतर तीन नाताळ होत्या. त्यांच्या मातीला रोसेंदोबाबा आले होते, हॅट हातात घेऊन. मागच्या वर्षी दिवाकरराव गेले, तेव्हा त्यांची शवपेटी पुढच्या दारानं उतरवली. खांदा देणाऱ्यांत एकीकडे आमचे साळवे, पाटोळे, आणि दुसरीकडे लुपेचे भाऊ होते. आता सांगायला हरकत नाही, म्हणून सांगितलं.

पोसादा अजून आमच्याकडेच होतो. रीत मात्र थोडी बदलली आहे. सगळे आधी मागच्या दाराशी जातात. तिथं लीलाबाई, आता काठी टेकत, आपल्या बायकांना घेऊन आत उभ्या असतात, आणि स्पॅनिशमधून आणि आत्याबाईंच्या ओव्यांतून त्यांना निक्षून सांगतात, जागा नाही. मारिसोल आता दोन लेकरांची आई आहे. ती ओव्या आमच्या सुनांपेक्षा खणखणीत म्हणते. म्हणजे बाहेरूनही तीच, आतूनही तीच, कधी कधी घोटाळा होतो.

मग मेणबत्त्या वळसा घेऊन पुढे येतात. पुढच्या दाराची अजून कुणी ओवी केलेली नाही. त्या संध्याकाळी ते आम्ही आधीपासूनच सताड उघडं ठेवतो. थंडी थेट वेदीपर्यंत जाते, म्हातारी माणसं कुरकुरतात. उंबऱ्याशी नवं पायपुसणं तेवढं घातलेलं असतं.